काकांचा नियम आणि पुतण्याची लेन्स

कबड्डीच्या मैदानावर चढाईला निघण्यापूर्वी एखादा खेळाडू चष्मा काढून बाहेर बसलेल्या मित्राच्या हाती देतो. पारशिवनीत, रामटेकला किंवा तुमच्या स्वतःच्या गावी हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. चष्म्याविना त्याला समोरचे गडी पुसट दिसतात आणि कोपऱ्यातल्या गड्याचा हात आपल्या घोट्याकडे केव्हा आला, हे उशिरा कळते. चष्मा घालून खेळावे, तर पकडीत तो फुटण्याची आणि डोळ्याला इजा होण्याची भीती. मग कोणीतरी सुचवतो, “कॉन्टॅक्ट लेन्स लाव, म्हणजे झाले!”

खरोखर एवढ्याने होते का? कोणती लेन्स डोळ्याला सुखाची आणि खिशाला परवडणारी? दुकानात विचारण्याआधी हे प्रश्न आपण भौतिकशास्त्राला विचारून पाहू.

चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर

निकटदृष्टिता असलेल्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. म्हणून आपण अंतर्वक्र भिंग वापरतो. समजा, तुमच्या चष्म्याचा नंबर उणे ६ डायॉप्टर आहे. या भिंगाचे नाभीय अंतर १०० ÷ ६, म्हणजे सुमारे १६.७ सेंटिमीटर. याचा अर्थ असा, की दूरच्या वस्तूची आभासी प्रतिमा चष्म्यापुढे १६.७ सेंटिमीटरवर तयार होते आणि तेथील वस्तू तुमच्या डोळ्याला स्पष्ट दिसते.

पण चष्मा डोळ्याला चिकटलेला नसतो. तो सुमारे १.२ सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे डोळ्यापासून त्या प्रतिमेचे अंतर झाले १७.९ सेंटिमीटर. आता भिंग थेट डोळ्यावरच ठेवले, तर त्याचे नाभीय अंतर १७.९ सेंटिमीटर हवे आणि त्याची शक्ती उणे ५.६ डायॉप्टर! लेन्स पाव किंवा अर्ध्या डायॉप्टरच्या पायऱ्यांनी मिळतात, म्हणून येथे साधारणपणे उणे ५.५ ची लेन्स लागेल. हाच हिशेब उणे २ नंबरासाठी करा. उत्तर उणे १.९५ येईल, म्हणजे काही फरक नाही. साधारण ४ डायॉप्टरपासून पुढे हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

चष्मा वापरणाऱ्यांना याचा पडताळा घरीच घेता येईल. उणे नंबराचा चष्मा नाकावरून थोडा पुढे सरकवा आणि दूरच्या पाटीकडे पाहा. अक्षरे पुसट होतील, कारण भिंग पुढे गेले की त्याचा परिणाम कमी होतो.

तेव्हा चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स विकत घेणे योग्य नव्हे. शिवाय डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, किती गोलाईचे आहे हेही मोजावे लागते. त्याची वक्रता त्रिज्या सरासरी ७.८ मिलिमीटर असली, तरी प्रत्येकाचे माप थोडे निराळे. लेन्स फार घट्ट बसली तर तिच्याखाली अश्रू फिरत नाहीत, सैल बसली तर ती डोळ्यावर घसरत राहते.

पारपटल श्वास घेते

आता मुख्य गोष्टीकडे वळू. शरीराच्या बहुतेक अवयवांना प्राणवायू रक्तातून मिळतो. पारपटलात मात्र रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर ते पारदर्शक कसे राहिले असते? पारपटल आपला बराचसा प्राणवायू हवेतून घेते. हवेतील प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तेथून आत झिरपतो. अशा पारपटलावर लेन्स ठेवणे म्हणजे खिडकीवर पडदा लावणे होय.

या पडद्यातून किती प्राणवायू आत जाईल? त्याचा नियम १८५५ साली आडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला. विसरणाने जाणारा पदार्थ हा दोन बाजूंमधील फरकाच्या सम प्रमाणात आणि मधल्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाहतो. मौज अशी, की १८८८ साली डोळ्यावर बसणारी काचेची लेन्स तयार करून तिचे वर्णन प्रसिद्ध करणारा डॉक्टर त्याचाच पुतण्या होता आणि त्याचेही नाव आडॉल्फ फिकच! त्याने ती प्रथम सशांच्या डोळ्यांवर, नंतर स्वतःच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. पण काचेतून प्राणवायू जात नाही. ती जड, मोठी लेन्स काही तासांपलीकडे सोसवत नसे. पुतण्याच्या लेन्सची अडचण काकांच्या नियमातच लिहिलेली होती.

पुढे प्लॅस्टिकच्या लहान, कडक लेन्स आल्या. मग चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी पाणी शोषून मऊ होणारे प्लॅस्टिक वापरले. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरातील स्वयंपाकघराच्या टेबलावर मुलांच्या जोडखेळाचे भाग आणि सायकलचा डायनॅमो यांपासून एक यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रव ओतला की त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. पेल्यातले पाणी चमच्याने गरागरा फिरवून पाहा, तोच आकार दिसेल. हा आकार कायम राहील अशा बेताने द्रव घट्ट केला, की लेन्स तयार!

या मऊ लेन्समध्ये प्राणवायू तिच्यातील पाण्यातून जातो. १९९९ च्या सुमारास बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समध्ये तो सिलिकॉनमधूनही जातो, आणि पुष्कळ अधिक जातो. लेन्सच्या माहितीपत्रकात ‘डीके/टी’ असा आकडा असतो. डीके म्हणजे द्रव्याची प्राणवायू जाऊ देण्याची क्षमता, टी म्हणजे जाडी. काकांचा नियम तो हाच. १९८४ साली होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी दाखवले, की पारपटलाला सूज येऊ नये म्हणून दिवसा वापरायच्या लेन्ससाठी हा आकडा निदान २४ असावा आणि रात्रभर ठेवायच्या लेन्ससाठी ८७. छापलेला आकडा मात्र बहुधा उणे ३ नंबराच्या लेन्सच्या मध्यभागाचा असतो. उणे नंबर वाढला की लेन्सची कड जाड होते, म्हणून मोठा नंबर असणाऱ्याने मोठा आकडा पाहावा.

आणि झोपेचे काय? डोळा उघडा असताना प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १५५ मिलिमीटर असतो. डोळा मिटला की पापणीच्या आतील रक्तवाहिन्यांवरच भिस्त, आणि दाब ५५ ते ६० मिलिमीटरवर उतरतो. खिडकी निम्म्याहून अधिक बंद झाली, वर पडदाही तसाच! लेन्स लावून झोपणाऱ्यांत पारपटलाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दुपारची डुलकीही यात आली.

मैदानासाठी कोणती?

कडक लेन्सचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटर, पारपटलापेक्षा लहान. मऊ लेन्सचा सुमारे १४ मिलिमीटर, म्हणजे तिची कड पापण्यांखाली जाते. धक्क्याने कडक लेन्स निसटू शकते आणि तिच्याखाली धुळीचा कण शिरला तर डोळा टोचू लागतो. खो-खोत सूर मारणाऱ्याला आणि कबड्डीपटूला म्हणूनच मऊ लेन्स बरी. काही डोळ्यांना, विशेषतः पारपटल शंकूसारखे पुढे आलेले असेल तर, कडक लेन्सनेच चांगले दिसते. तो निर्णय नेत्रतज्ज्ञाचा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि झळा कोरड्या असतात. अशा हवेत अश्रूंचा थर लवकर सुकतो, मऊ लेन्समधील पाणी कमी होते आणि ती खुपू लागते. जास्त पाण्याची लेन्स म्हणजे जास्त सुखाची, हा समज येथे फसवा ठरतो.

एक गोष्ट विसरू नका. लेन्स दृष्टी देते, संरक्षण देत नाही. क्रिकेटचा चेंडू किंवा प्रतिस्पर्ध्याचे बोट तिला अडवता येत नाही. ज्या खेळात अंगाशी झटापट नाही, तेथे पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा, पट्ट्याने बांधायचा खेळाचा चष्मा हा टिकाऊ पर्याय आहे.

पैशाचा हिशेब

लेन्सची किंमत जोडीवरून नव्हे, तर वापराच्या दिवसावरून काढावी. केवळ हिशेबासाठी असे धरा, की एक दिवस वापरून टाकून द्यायची जोडी १०० रुपयांना, महिनाभराची जोडी ६०० रुपयांना आणि तिच्यासाठी महिन्याचे द्रावण ३०० रुपयांना पडते. मग ९०० ÷ १०० = ९. महिन्यात ९ दिवसांपेक्षा कमी वेळा लेन्स लावणाऱ्याला रोजची जोडी स्वस्त, जास्त वेळा लावणाऱ्याला महिन्याची. तुमच्या दुकानातील खरे भाव घालून हे गणित पुन्हा करा. महिना मात्र पाकीट उघडल्या दिवसापासून मोजायचा. चारच वेळा लावली म्हणून ती पुढच्या महिन्यात चालत नाही.

यावरून एक सुज्ञ मार्ग दिसतो. शाळेत आणि घरी चष्मा, सामन्याच्या दिवशी रोजची लेन्स. तीत डबी नाही, द्रावण नाही, शिळेपणाही नाही. शालेय दृष्टितपासणीत गरजू विद्यार्थ्यांना चष्मा मोफत मिळतो, त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

जेथे काटकसर नको

लेन्स किंवा तिची डबी नळाच्या, विहिरीच्या अथवा पेंचच्या पाण्याने कधीही धुऊ नका. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग फार वेदनादायक असतो, लवकर बरा होत नाही आणि दृष्टीही जाऊ शकते. उकळून गार केलेले पाणी किंवा थुंकी हाही उपाय नव्हे. पोहताना लेन्स काढावी. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, मगच लेन्सला बोट लावावे. डबीतील जुन्या द्रावणात नवे ओतू नये, जुने फेकून द्यावे.

धानाची कापणी-मळणी चालू असताना डोळ्यात पाते किंवा कुसळ गेले, तर लेन्स लावणे लगेच थांबवावे आणि डॉक्टरकडे जावे. अशा इजेनंतर पारपटलात बुरशी वाढू शकते. स्नेहसंमेलनासाठी निळ्या-हिरव्या रंगीत लेन्स आणून मैत्रिणी-मैत्रिणींत आळीपाळीने लावण्याचा प्रकारही घातक आहे. नंबर नसला तरी तो पडदा त्याच पारपटलावर बसतो आणि एकीच्या डोळ्यातील जंतू दुसरीच्या डोळ्यात जातात.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा दृष्टी पुसट झाली, तर लेन्स ताबडतोब काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. काढलेली लेन्स फेकू नका, सोबत न्या. संसर्ग कशाचा, हे तिच्यावरून कळू शकते. “उद्या सामना आहे, तो झाल्यावर पाहू,” असे म्हणू नका. सामना पुढच्या वर्षीही असतो.

शिक्षकांना एक सूचना. ३, ५ आणि ८ डायॉप्टरच्या उणे चष्म्यांसाठी लेन्सचा नंबर वर्गात काढून घ्या, आणि मग अधिक नंबरासाठी तोच हिशेब उलटा का होतो, हे विद्यार्थ्यांना आकृती काढून शोधू द्या.