चांद्याच्या बांधीतले दृष्टांत

आज चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे आहेत. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत तो एकच जिल्हा होता आणि 1964 पर्यंत त्याचे नाव चांदा होते. येशूच्या गोष्टी इथे पोचल्या त्या चांद्याच्याच काळात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने इथे मिशन काढले. त्या मिशनमधल्या अलेक्झांडर वुड यांनी 1906 साली ‘इन अँड आऊट ऑफ चांदा’ हे पुस्तक लिहिले. पुढे ते नागपूरचे बिशप झाले. दुसरा ओघ केरळातून आला. 1962 मध्ये सायरो-मलबार चर्चचा चांदा विभाग स्थापन झाला आणि 1977 मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत झाला.

हा साधारण दीडशे वर्षांचा काळ. त्यात किती माणसे ख्रिस्ती झाली, याचा हिशेब मांडणारे मांडोत. पेरणी, तण, मजुरी, वाटेवर पडलेला माणूस, कचेरीतली विधवा या गोष्टी इथल्या लोकांच्या आयुष्यात, तेही चर्चची पायरी कधी न चढलेल्यांच्या आयुष्यात, कशा घडून गेल्या, तेवढेच मला पाहायचे आहे.

दृष्टांत ऐकायची सवय विदर्भाला होतीच. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले. साध्या गोष्टीतून जगण्याची रीत सांगायची, हा प्रकार त्यामुळे इथे परका वाटण्याचे कारण नव्हते. द्राक्षमळे आणि अंजिराची झाडे तेवढी परकी होती.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला पेरणारा मात्र ओळखीचा. मुठीने बी फेकणारा, काही वाटेवर सांडणारा, काही खडकावर, काही काट्यांत. शहरातल्या वाचकाला हा शेतकरी निष्काळजी वाटतो. आवत्या धान टाकणाऱ्याला तसे वाटत नाही. धान उभा असतानाच त्यात लाखोळी फेकणाऱ्यालाही नाही. बी धुऱ्यावर पडणार, पाखरे खाणार, हे धरूनच हात चालतो.

मत्तयच्या त्याच तेराव्या अध्यायात निदणाची गोष्ट आहे. गव्हात तण दिसले तेव्हा चाकर उपटायला निघाले. मालक म्हणाला, राहू द्या, तणाबरोबर गहूही उपटाल; कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. धानाच्या बांधीत हे समजावून सांगावे लागत नाही. रानधान आणि धान लोंबी येईपर्यंत सारखेच दिसतात.

आता नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावची गोष्ट. दीड-दोन एकरांचे धनी असलेले दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये ‘पटेल 3’ या वाणाच्या धानात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. नेटक्या शेतकऱ्याने त्या भेसळ म्हणून काढून टाकल्या असत्या. दादाजींनी ते दाणे जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे लावले, रानडुकरांपासून राखण्यासाठी भोवती काटेरी झुडपे लावली आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. 1990 च्या सुमारास तो बारीक, चवीचा तांदूळ बाजारात आला आणि त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले: एचएमटी. दादाजी मत्तय आठवून बांधीत उतरले, असे कुणी म्हणणार नाही. पण मालकाचा सल्ला अंगी बाणवायचा म्हणजे काय, हे त्या तीन लोंब्यांइतके कोणत्याही प्रवचनाने मला दाखवलेले नाही. वेगळे दिसले की उपटायचे, ही आपली रोजची घाई आहे. सुनेच्या बाबतीत, पोराच्या बाबतीत, शेजाऱ्याच्या बाबतीतही.

पुढे हा वाण कृषी विद्यापीठाकडूनही ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून बाहेर पडला आणि श्रेयाचा वाद झाला. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, पैसा मात्र दुसरीकडेच गेला. 3 जून 2018 रोजी ते गेले. बी शंभरपट आले की पेरणाऱ्याचे घर भरते, असे दृष्टांतात कुठेही लिहिलेले नाही, हेही खरेच.

वाटेवरच्या जखमी माणसाची गोष्ट वरोऱ्यात घडली. लूकमध्ये याजक बघून पुढे जातो, लेवी पुढे जातो, आणि परका शोमरोनी थांबतो. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे तेव्हा भंगीकाम करत, डोक्यावर मैला वाहत. एका पावसाळी रात्री गटाराकडेला कुष्ठाने झडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. मग परतले. त्याला आडोसा केला, शेवटपर्यंत त्याची सेवा केली. मूळ गोष्टीत जाणारे वेगळे आणि थांबणारा वेगळा. वरोऱ्यात तो एकच माणूस होता. मला ही आवृत्ती अधिक उपयोगाची वाटते, कारण आपण बहुतेक जण पहिल्या खेपेला पळणारेच असतो. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती निघाली, मग आनंदवन उभे राहिले, 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाचा प्रकल्प. बाबांनी आपली भीती कधी लपवली नाही.

सगळ्यात अवघड जाते ती मळ्यातल्या मजुरांची गोष्ट. सकाळी लावलेल्याला आणि संध्याकाळी पाचला लावलेल्याला मालक सारखीच रोजी देतो. सकाळचे कुरकुरतात. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे रानात जायचे, दुपारी घरातल्या सगळ्यांनी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. पैसे शेकड्यावर. म्हातारीचे पुडके कमी, तिचे पैसे कमी. दृष्टांतातल्या शेवटच्या मजुरांना विचारले, इथे रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कुणी कामावर लावलेच नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी आणली, 1977 मध्ये तिचा कायदा केला, तो याच उत्तरासाठी. बोलावणे आले, पण मजुरी मोजमापानेच राहिली. म्हणजे हा दृष्टांत इथे अर्धाच घडला. उरलेला अर्धा कुठल्याही राज्यात घडलेला मला दिसत नाही, आणि भजनाला बसणाऱ्या मालकांच्या घरीही नाही.

गरिबांना सोसायला शिकवण्यासाठी या गोष्टी वापरल्या गेल्या, हा आरोप जुना आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो लागूही पडतो. पण लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा सोसत नाही. न देवाला भिणाऱ्या, न माणसाची पर्वा करणाऱ्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते, आणि तो कंटाळून न्याय देतो. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला त्यासाठी 2012 उजाडले. दावा टाकायचा, कागद जोडायचे, कचेरीत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे.

न्याय मिळाल्यावर त्या विधवेने काय केले, ते लूक सांगत नाही. पाचगावने काय केले ते सांगता येते: ग्रामसभा स्वतः बांबू विकते, तोडणाऱ्यांची मजुरी त्यातून देते, आणि पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, म्हणून तेंदू तोडायचा नाही असे गावानेच ठरवले आहे.