पाहुणा घरचा, पासपोर्ट बाहेरचा

लेखमाला : परवाना आणि पत्ता (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण व्हिसाचे प्रकार पाहिले. व्हिसा मिळाला, विमान मुंबईला उतरलं, पासपोर्टवर शिक्का बसला, की काम फत्ते असं बहुतेकांना वाटतं. पण परदेशी माणूस देशात आल्यावर सरकार पुढचं विचारतं ते हे, की राहणार कुठे? याचं उत्तर एकट्या पाहुण्याने देऊन भागत नाही. ज्याच्या घरी तो उतरला त्या घरधन्यानेही ते द्यायचं असतं. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात लोक चुकतात ते इथेच.

समजा, तेल्हाऱ्याच्या एका घरातला मुलगा जर्मनीत नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागायचं तर नोंदणी झालेलं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. तोवर ती एंट्री व्हिसावर येते. आता आठ-नऊ महिने सासरी राहायचं ठरवून दोघं निघाली. मुंबईला उतरली, चार-सहा दिवस पुण्यात नणंदेकडे थांबली, मग अकोटमार्गे घरी. शेजारपाजारचे भेटायला आले, साडी-चोळी झाली. नोंदणीचा विषय कुणी काढलाच तर उत्तर तयार असतं, "कायची नोंद भाऊ, घरचीच त सून हाय!"

घरचीच आहे, पण पासपोर्ट जर्मनीचा आहे, आणि कायदा पासपोर्ट बघतो. इथे दोन मुदती एकाच वेळी चालू असतात. पहिली चोवीस तासांची, आणि ती पाळायची यजमानाने. परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली की चोवीस तासांच्या आत तिची माहिती ऑनलाइन भरायची. लोकांच्या तोंडी याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. हा फक्त हॉटेल-लॉजवाल्यांचा नियम आहे हा समज चुकीचा. धर्मशाळा, वसतिगृह, दवाखाना आणि तुमचं-आमचं राहतं घर, सगळे त्यात येतात. म्हणजे वरच्या उदाहरणात पुण्याच्या नणंदेने एकदा भरायचा आणि तेल्हाऱ्याच्या सासऱ्यांनी पुन्हा भरायचा. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, तो कुठे आणि कधी मिळाला, भारतात कधी आली, इथे कुठून आली, किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार, अशी माहिती त्यात लागते. पासपोर्ट समोर ठेवून बसलं तर अर्ध्या तासाचं काम.

दुसरी मुदत चौदा दिवसांची, ती पाहुण्याची. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल, तर भारतात आल्यापासून चौदा दिवसांत विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नाव नोंदवायचं. मुंबईसारख्या शहरात त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. आपल्याकडे हे अधिकार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे अकोल्याला. दिवस मोजायचे ते मुंबईच्या शिक्क्यापासून, तेल्हाऱ्याच्या उंबरठ्यापासून नव्हे. पुण्यातले सहा दिवस त्यातूनच वजा होतात. काही व्हिसांवर ‘प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नसावा’ अशी ओळ असते. तेवढ्यात परत जाणार असाल तर नोंदणी लागत नाही. मुक्काम लांबणार असं दिसलं तर १८० दिवस भरायच्या आत अर्ज करायचा. म्हणून व्हिसावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. नियम तुमच्यापुरता तिथेच लिहिलेला असतो.

२०१८ पासून हे अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतात, त्यामुळे अकोल्याच्या फेऱ्या कमी झाल्या. अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर. विजेचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या नावावर, आधारवर तेल्हाऱ्याचं स्पेलिंग एक आणि बिलावर दुसरं. वारसाची नोंद करायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करणाऱ्या घरांना ही सून आल्यावर पहिल्यांदा त्याची किंमत कळते! पाहुणे यायच्या महिनाभर आधीच ही कागदं सारखी करून घ्या. व्हिसाच्या अर्जात पत्ता पुण्याचा आणि मुक्काम तेल्हाऱ्याला, असंही करू नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना येण्याआधी ई-अरायव्हल कार्ड भरावं लागतं. त्यातही भारतातला पत्ता विचारतात, तिथेही तोच लिहा.

हा सगळा जाच आपल्याच सरकारचा, असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत घर बदललं की बहुतेक परदेशी नागरिकांना दहा दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो, ग्रीन कार्डवाल्यांनाही. जपानमध्ये चौदा दिवसांत नगरपालिकेत जावं लागतं, जर्मनीत दोन आठवड्यांत. तिकडे आपली पोरं हे बिनबोभाट करतात. इकडे आल्यावर मात्र ‘चालते ना बाप्पा’!

चालत नाही. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि विदेशी नागरिक अधिनियम लागू झाला आहे. मुक्काम देणाऱ्याने माहिती द्यायची, हे त्याच्या आठव्या कलमातच आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिलं किंवा त्याच्या अटी मोडल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मुक्काम मुदतीबाहेर गेला असेल तर ते परतीच्या दिवशी विमानतळावर निघतं, जिथे सासरे मदतीला येऊ शकत नाहीत.

तेव्हा या हंगामात ज्यांच्याकडे बाहेरच्या पासपोर्टचं माणूस लग्नाला येणार आहे, त्यांनी पाहुणा उतरला त्याच दिवशी फॉर्म भरावा आणि पावतीची प्रत त्याच्या पासपोर्टसोबत द्यावी. ओसीआय कार्डवर येणाऱ्या नातवंडांची गोष्ट वेगळी आहे. ती पुढच्या आठवड्यात.