पहिलीच्या वर्गातील भाषाविचार

विद्यापीठातील भाषाभ्यासक आणि प्राथमिक शाळेतील पहिलीचा शिक्षक यांची गाठ सहसा पडत नाही. एकाच्या दृष्टीने वर्णमाला ही सुटलेली बाब असते, तर दुसऱ्याच्या दृष्टीने ती वर्षभराची झुंज असते. हे अंतर ओलांडून वरच्या इयत्तेतून पुन्हा पहिलीत जाऊन बसणारी माणसे मराठीत थोडीच झाली. अध्यापक महाविद्यालयात शिक्षक घडविण्यात हयात घालविल्यावर लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ ही प्राथमिक शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक जवळचे उदाहरण मात्र फलटणचे आहे.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून १९६१ मध्ये भारतात आल्या. फलटणच्या मराठीतील सामाजिक भेद हा त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रबंधाचा विषय होता. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकविण्यात निष्णात असलेल्या या विदुषी १९७०च्या दशकाच्या अखेरीस फलटणमधील शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना वाचावयास शिकवू लागल्या. त्यातूनच १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. व्याकरण लिहिणाऱ्या व्यक्तीने ‘क’ कसा शिकवावा या प्रश्नाशी पुन्हा येऊन थांबावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

शिक्षण आनंददायी करावे, असे म्हटले की गाणी, चित्रे, खेळ यांचीच योजना डोळ्यांपुढे येते. ती असावीत, पण वाचनातील खरा आनंद निराळ्या ठिकाणी आहे. समोरच्या खुणांतून आपल्या ओळखीचा शब्द अकस्मात उमटतो, तो क्षण आनंदाचा होय. हा क्षण केव्हा यावा, हे बऱ्याच अंशी अक्षरांच्या क्रमावर अवलंबून असते.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंतचा तिचा प्रवास ही ध्वनिविचाराची मोठीच कामगिरी आहे. परंतु ध्वनींचे वर्गीकरण आणि वाचनाचा आरंभ ही दोन वेगळी प्रयोजने आहेत. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनी आरंभ होणारा शब्द मुलाच्या बोलण्यात नाही. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचीही तीच गत. म्हणून तक्त्यावर ‘ण’साठी बाण आणि ‘ळ’साठी बाळ काढावे लागते. पहिल्या ध्वनीवरून अक्षर ओळखण्यास नुकत्याच शिकलेल्या मुलाने येथे काय समजावे?

फलटणच्या प्रगत वाचन पद्धतीत व्यंजने, स्वर आणि स्वरचिन्हे यांचे मिश्र गट पाडलेले असतात. काना-वेलांटीसाठी सर्व व्यंजने संपेपर्यंत थांबावे लागत नाही. या तत्त्वाचे बळ एका लहानशा हिशेबाने ध्यानात येईल. समजा, क, म, र, ल ही चार अक्षरे घेतली आणि त्यांना काना व दुसरी वेलांटी जोडली. एकूण बारा अक्षररूपे झाली. त्यांतून काम, माल, लाल, कमी, कला, मामा, मामी, काका, काकी असे शब्द निघतात. ‘मामाला काम कमी’ असे आख्खे वाक्यही साधते, आणि मुले त्यावर हसतातही. ‘क’च्या पारंपरिक बाराखडीतही रूपे बाराच असतात. ती घोकून काका, काकी, काकू आणि फार तर कैक एवढेच हाती लागते. श्रम सारखेच, फळ मात्र निराळे.

केवळ अक्षरे जुळवून मराठी वाचता येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ‘ज’ वेगळा उच्चारला जातो. लिपी तो भेद दाखवीत नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चेही तसेच. मूल हा निर्णय अर्थावरून घेते, म्हणजेच आपल्या तोंडच्या भाषेच्या आधारावर घेते. तो आधारच काढून घेतला तर काय होईल?

आणि येथेच सदाशिव पेठेचा संबंध येतो. पुण्यातील शिष्ट समाजाच्या बोलण्यास प्रमाण मानण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातील क्रमिक पुस्तकांपासून चालत आली, आणि ‘सदाशिव पेठी मराठी’ हा शब्दप्रयोग त्या मानदंडाचे, काहीसे तिरकस, नाव होऊन बसला. महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तू या पेठेत टिळक रस्त्यावर आहे. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर मार्गावर आहे. पेठेतील मुलास पुस्तकातील ‘पाणी’ घरच्यासारखेच ऐकू येते. फलटणच्या एखाद्या वस्तीतील मूल तोच छापील शब्द पाहून ‘पानी’ म्हणते. शिक्षक त्याला थांबवतो. वास्तविक त्या मुलाने शब्द अचूक वाचलेला असतो; अक्षरांपासून अर्थापर्यंत पोहोचल्यावाचून तो आपल्या बोलीत उतरलाच नसता. विल्यम लबॉव्ह यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुलांविषयी हाच भेद मांडला होता: उच्चारातील फरक आणि वाचनातील चूक यांची गल्लत करू नये.

प्रमाण भाषा शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. लेखनात ‘ण’ कोठे येतो, हे मुलास कळलेच पाहिजे, आणि ते सावकाश कळतेही. परंतु वाचन चालू असताना दर दुसऱ्या शब्दाला अडविलेले मूल अर्थाकडे पाहणे सोडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. पुढे त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ असा शेरा पडतो, आणि तो पुसण्यास कित्येकदा अनेक इयत्ता लागतात.