दीर्घ पल्ल्याचे धावपटू आणि अपुरा आहार

धावपटूंच्या आहाराची चर्चा बहुधा प्रथिनांभोवतीच फिरते. वस्तुतः ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये मुख्य इंधन कर्बोदकांचेच असते. स्नायू व यकृत यांतील ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असल्याने भात, भाकरी, केळी यांतून तो रोज भरून काढावा लागतो. वजन घटविण्याच्या हट्टापायी नेमके हेच पदार्थ ताटातून वगळले जातात.

सरावाच्या मानाने ऊर्जा सतत अपुरी पडल्यास शरीर अन्य कार्ये आवरते घेते. मुलींची मासिक पाळी थांबू शकते; इस्ट्रोजेन घटून हाडे कमकुवत होतात व ताणजन्य अस्थिभंग संभवतात. पाळी थांबणे ही कठोर सरावाची पावती समजणे घातक होय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची मांडणी करताना पुरुष खेळाडूंचाही समावेश केला. उपचारात आहार वाढविणे व सराव कमी करणे यांना गोळ्यांपेक्षा अग्रक्रम असतो.