थंडी घरात शिरते कुठून?

नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका द्राक्षांचा. तिथली थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या वर्षी पौषात पारा 5 अंशांच्याही खाली जातो. द्राक्षे वाचावीत म्हणून लोक रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आणि घरात? दोन-दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी भरते.

सासूबाई म्हणतात, "अगं, दार लाव की नीट!"

सून म्हणते, "लावलंय आत्याबाई. कडीसुद्धा घातलीय."

दोघींचेही खरे आहे. दार लागले आहे, पण घर बंद झालेले नाही.

कसे ते बघा. दार 3 फूट रुंद. त्याच्याखाली अर्ध्या इंचाची फट. दिसायला केवढीशी! पण 3 फूट म्हणजे 36 इंच. हिशेब केला तर ती फट 18 चौरस इंच भरते. म्हणजे भिंतीला 4 इंच लांब, 4 इंच रुंद भोक पाडले, त्यापेक्षाही जास्त. असे भोक कोणी उघडे ठेवील का?

गरम हवा हलकी असते. ती वर चढते आणि पत्र्याखालच्या फटींतून निघून जाते. तिची जागा घ्यायला गार हवा दाराखालून आत येते. म्हणून आधी पाय गारठतात. मग चुलीत आणखी दोन लाकडे सारली, तरी ऊब टिकत नाही. विजेची शेगडी लावली तर पैसाच वाऱ्यावर जातो. हजार वॅटची शेगडी तासाला 1 युनिट वीज खाते.

फटी शोधायला एक उदबत्ती पुरे. बाहेर वारा असेल त्या संध्याकाळी दारे-खिडक्या लावा. उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा पळाला की तिथे फट आहे. खडूने खूण करा.

मातीच्या भिंतीची भेग मातीनेच बुजवावी. चाळलेली माती, शेण आणि गव्हाचे बारीक भुस पाण्यात कालवून चार-पाच दिवस मुरू द्यावे. रोज तुडवावे. भरण्याआधी भेग ओली करावी. नाहीतर कोरडी भिंत गाऱ्यातले पाणी ओढून घेते आणि गारा सुटून येतो. खोल भेग एकदम भरू नये. एक थर द्यावा, तो वाळून तडकला की वर दुसरा द्यावा. पुष्कळ जण इथे सिमेंट थापतात. मातीवर सिमेंट धरत नाही, पोपडा होऊन पडते. आमच्या मते तो पैसा फुकट.

दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बारीक चुकांनी ठोकावी. पट्टी जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. तेही नको असेल, तर गोणपाटाची लांब पिशवी शिवून वाळूने भरावी आणि रात्री दाराशी आडवी ठेवावी. पत्रा आणि भिंत यांच्यामधली भोके चिंध्या कोंबून बंद होतात. चुलीजवळ मात्र चिंध्या नकोत, तिथे गाराच लावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे ऐका. चुलीवरचे धुराडे कधीही बुजवू नका. आणि घर असे बंद केल्यावर, झोपायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले ठेवू नका. "धूर कुठे आहे? नुसते निखारे तर आहेत," असे लोक म्हणतात. धोका तिथेच आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते, झोप आली. त्या झोपेतच माणसे दगावतात. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

असे कोणाला झाले तर आधी दारे-खिडक्या उघडा. त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

शेकायचे असेल तर झोपण्याआधी अंगणात शेका. उठताना निखाऱ्यांवर पाणी ओता. मग आत या, कडी घाला आणि वाळूची पिशवी दाराशी सरकवा.