केळं, शिरका आणि ओस्लोब

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर ओस्लोब हे छोटं गाव आहे. त्याच्या नावाची कथा अशी सांगतात. दोन स्पॅनिश शिपाई फिरत फिरत इथे आले. झाडाच्या सावलीत नवरा-बायको उकडलेली केळी खात बसले होते. मीठ घातलेल्या शिरक्यात केळं बुडवायचं आणि तोंडात टाकायचं, असं चाललं होतं. शिपायांनी गावाचं नाव विचारलं. नवऱ्याला वाटलं, काय करताय म्हणून विचारताहेत. तो म्हणाला, ‘तोस्लोब’, म्हणजे बुडवून खातोय. शिपायांनी तेच गावाचं नाव धरलं.

हा शब्द आजही सेबूच्या तोंडी आहे. सेबू शहरात ‘तुस्लोब-बुवा’ विकणाऱ्यांच्या कढईत डुकराचा मेंदू आणि काळीज घातलेला रस्सा फेसाळत असतो. झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला ‘पुसो’ भात त्यात बुडवून गिऱ्हाइकं उभ्या उभ्या खातात.

इतिहास म्हणून ही कथा टिकणं कठीण, कारण तिची भावंडं फिलिपिन्सभर आहेत. कामिगिन बेटावरच्या मांबाहाव गावाचं नाव सकाळच्या शिळ्या भातावरून पडलं म्हणतात. खुद्द लुझॉन बेटाबद्दल अशी कथा आहे की, स्पॅनिश माणसाने बेटाचं नाव विचारलं आणि भात कांडणाऱ्यांनी समोरच्या उखळाचं नाव सांगितलं, ‘लुसोंग’. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं. दरवेळी गावचा माणूस आपल्या अन्नापाशी आहे आणि परक्याला त्याचं बोलणं कळत नाही. तीनशेहून अधिक वर्षं स्पेनची सत्ता सोसलेल्या समाजाने त्या भेटीची आठवण अशी जपली आहे. या कथांत अडाणी ठरतो तो बंदूकवाला.

एरवी नावं ठेवण्याचा अधिकार सत्तेकडेच होता. ओस्लोबला दक्षिणेकडून लागून असलेल्या गावाचं नाव सांतांदेर, थेट स्पेनमधल्या शहराचं. १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी फर्मान काढलं आणि छापील यादीतून लोकांना आडनावं वाटली. माणसांची आडनावं बदलली, तरी या गावाला ताटातला शब्द चिकटून राहिला.

किनाऱ्यावर ‘क्वार्तेल’ उभं आहे. स्पॅनिश शिपायांसाठी प्रवाळाच्या चिऱ्यांची ही बराक बांधायला घेतली होती. १८९९ मध्ये, अमेरिकी आल्यावर, काम थांबलं ते कायमचं. भिंती आहेत, छप्पर नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर चिऱ्यांवर प्रवाळाची नक्षी दिसते.

जगाला ओस्लोब माहीत आहे ते मात्र व्हेल शार्कमुळे. २०११ पासून तानावान भागातले मच्छीमार पर्यटकांसाठी ‘उयाप’ नावाचा बारीक जवळा पाण्यात टाकतात आणि हे अजस्र मासे होडीपाशी येतात. कोळ्यांच्या घरात पैसा आला, याचं महत्त्व कमी नाही. पण आयत्या चाऱ्यामुळे मासे एरवीपेक्षा जास्त काळ तिथे रेंगाळतात आणि होड्यांमुळे त्यांना जखमा होतात, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. चारा घालणं थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. फिलिपिन्समध्येच दोन्सोलला तो न घालताही लोक हे मासे पाहतात.

ओस्लोबला मासे पाहणं दुपारपर्यंत आटोपतं आणि पर्यटकांच्या गाड्या परत फिरतात. तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं आहे की, उरलेला अर्धा दिवस गावासाठी राखा. क्वार्तेल आणि १८४८ मध्ये पूर्ण झालेलं जुनं चर्च, दोन्ही पायी फिरून होतात.