तिवोलीचं देऊळ, दोन बागांत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या उमरावांनी आपल्या हवेल्यांभोवतीच्या आखीवरेखीव बागा मोडल्या. त्यांच्या जागी वळणांच्या वाटा, तळी, मुद्दाम बांधलेले भग्नावशेष, बेटावरच्या समाध्या आणि टेकडीवरची रोमन वळणाची देवळं आली. अशी बाग पाहताना कोष्टक मांडायचा मोह होतो : पडकी भिंत म्हणजे नश्वरता, समाधी म्हणजे शोक, देऊळ म्हणजे ज्ञान. कोष्टक सोयीचं खरं, पण त्यानं फार काही हाती लागत नाही. बागेतल्या प्रतीकाला अर्थ येतो तो ते कोणी, कधी आणि काय गमावल्यावर उभारलं यातून.

रोमजवळ तिवोलीला कड्याच्या टोकावर एक गोल, खांबांचं प्राचीन देऊळ आहे. फ्रान्समध्ये एर्मनोंव्हिलच्या बागेत मार्की द जिरार्दँ यांनी त्याच धर्तीवर एक देऊळ बांधलं आणि जाणूनबुजून अर्धवट ठेवलं. खांबांवर न्यूटन, देकार्त, व्होल्तेर, रूसो यांच्यासारख्यांची नावं कोरली. ज्ञानाचं काम अजून पुरं व्हायचंय, पुढच्यांनी यावं आणि खांब उभे करावेत, असा त्याचा रोख. हेच तिवोली पोलंडमध्ये पुवावीला पोहोचलं तेव्हा काळ पार बदलला होता. १७९४च्या उठावानंतर रशियन फौजांनी चार्तोरिस्की घराण्याची इथली हवेली लुटली, आणि १७९५मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी उरलासुरला पोलंडही वाटून घेतला. देश नकाशावरून गेला. इझाबेला चार्तोरिस्का यांनी १७९८ ते १८०१ या काळात वास्तुकार आइग्नर यांच्याकडून बागेत ‘सिबिलाचं देऊळ’ बांधून घेतलं. ते अर्धवट ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं. आत राजांच्या वस्तू, लढायांतली निशाणं, वीरांच्या आठवणी जपायच्या होत्या. दारावर कोरलं होतं की हा भूतकाळ भविष्यासाठी आहे. पोलंडचं पहिलं संग्रहालय ते हेच. पुढे १८०९मध्ये शेजारी ‘गॉथिक घर’ झालं. त्याच्या भिंतींत ठिकठिकाणच्या इमारतींचे दगड बसवलेले होते. लिओनार्दोचं ‘लेडी विथ अॅन अर्मिन’ हे चित्रही या बागेतल्या संग्रहात होतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर उसनी फॅशन. उसनी होतीच. एर्मनोंव्हिलला रूसोची समाधी पॉप्लरच्या बेटावर होती, म्हणून पोलंडमध्ये हेलेना राजिवीव यांनी आपल्या ‘आर्कादिया’ बागेतही तसं बेट केलं. पण त्यावर समाधी मांडली ती स्वतःची, प्रतीकात्मक. नक्कल आकाराची झाली, आशय मात्र जागेवर ठरला. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे : ज्या बागेत राष्ट्राची स्मृती जपली जात होती, तिच्या मालकांची शेती वेठीच्या श्रमावर चालत होती. याला उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. इझाबेला यांनी १८१८मध्ये ‘दोब्रोमिलचा यात्रेकरू’ हे सामान्य शेतकऱ्यांसाठी देशाच्या इतिहासाचं पुस्तक काढलं, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. तिसरा आक्षेप गमतीचा : गॉथिक घरात शेक्सपिअरची म्हणून खुर्ची होती, रोमिओ-ज्युलिएटच्या थडग्यातले म्हणून अवशेष होते. जे जोडपं बहुधा नाटकातच जगलं, त्याच्या अस्थी कुठून यायच्या? पण या भाबडेपणावरून सगळा संग्रह पोरखेळ ठरत नाही.

पोरखेळ असता तर तो १८३०-३१च्या उठावाबरोबर संपला असता. उठावाच्या सरकारचं प्रमुखपद इझाबेला यांचे चिरंजीव आदाम येझी यांच्याकडे होतं. उठाव फसल्यावर रशियानं जहागीर जप्त केली. शिक्षा बंडाची होती, बागेची नव्हे. पण त्या धामधुमीत लोकांनी देवळातल्या वस्तू लपवल्या, बाहेर काढल्या, पॅरिसपर्यंत नेल्या. १८७८मध्ये क्राकूवला चार्तोरिस्की संग्रहालय उघडलं ते याच वस्तूंच्या आधारावर, आणि २०१६मध्ये पोलंड सरकारनं हा सगळा संग्रह १० कोटी युरो देऊन विकत घेतला.